पेशीलाही लिंग असतं: रक्तवाहिन्यांच्या अस्तराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाळेतल्या शिरेतून पेशी काढायच्या आणि त्या बशीत वाढवायच्या, हे माझं रोजचं काम. त्याबद्दल कुठे बोललं की पुढचे दोन आठवडे प्रश्न येत राहतात. काही एमएस्सीच्या मुलामुलींचे, काही आईच्या किंवा सासूबाईंच्या छातीत दुखतं म्हणून धास्तावलेल्या लोकांचे, आणि दर आषाढीला हमखास उपासाचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. उत्तराचा काही भाग दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिलाय.

१. रक्तवाहिनीची पेशी म्हणजे नक्की कोणती? रक्तातल्या पेशी वेगळ्या ना?

हो, वेगळ्या. रक्तातल्या पेशी वाहतात, या जागेवर बसलेल्या असतात. रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, कोटाला असतं तसं, पण फक्त एका पेशीच्या जाडीचं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. धमनी, शीर, केशवाहिनी, सगळीकडे ते असतंच. केशवाहिनी म्हणजे तर जवळजवळ नुसतं अस्तरच. हे अस्तर वाहिनी सैल करतं, आखडतं, रक्त गोठू देतं किंवा देत नाही, आणि पांढऱ्या पेशींना आत घ्यायचं की नाही तेही ठरवतं. नळाला आतून रंग लावावा तसं ते निर्जीव नसतं.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. अस्तराच्या पेशी मात्र फार सावकाश बदलतात. म्हणून त्यांना घरातला मोडका माल घरातच मोडून पुन्हा वापरावा लागतो. पुढची सगळी चर्चा त्यावरच आहे.

२. लिंग माणसाला असतं हे कळतं. एका पेशीला कसं असेल?

गुणसूत्रांमुळे. तुमच्या यकृताच्या, त्वचेच्या, रक्तवाहिनीच्या पेशीत दोन एक्स असतील किंवा एक एक्स आणि एक वाय. शरीरातून काढून बशीत वाढवली तरी पेशीची ही जोडी बदलत नाही. संप्रेरकं (हार्मोन) मागे राहतात, गुणसूत्रं सोबत येतात.

दोन एक्स असले तरी बाईच्या पेशीत सगळं दुप्पट होत नाही. मेरी लायन यांनी १९६१ साली मांडलं की प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स मिटून ठेवते, आणि कुठला मिटायचा हे गर्भाच्या अगदी सुरुवातीला नशिबावर ठरतं. त्यामुळे बाईच्या रक्तवाहिनीचं अस्तर म्हणजे दोन रंगांच्या तुकड्यांची गोधडी. काही तुकड्यांत आईकडचा एक्स चालू, काहींत वडिलांकडचा. शिवाय मिटलेला एक्स पूर्ण मिटलेला नसतो. त्याच्यावरची साधारण १५ टक्के जनुकं तरीही कमीअधिक चालू राहतात. पुरुषाकडे ही सोय नाही, त्याच्याकडे एकच एक्स आणि तोच चालवायचा.

३. ऑटोफॅजी हा शब्द सारखा ऐकतो. पेशी स्वतःलाच खाते म्हणजे काय?

नाव भीतीदायक आहे, काम भंगारवाल्याचं आहे. पेशीतलं एखादं ऊर्जाघर (मायटोकॉन्ड्रिया) बिघडलं, प्रथिनांचा गोळा झाला, की पेशी त्याच्याभोवती दुहेरी पडद्याची पिशवी विणते. ती पिशवी लायसोसोम नावाच्या आम्लाच्या टाकीत जाऊन मिळते आणि आतला माल सुटा होतो. अमिनो आम्लं, चरबी, साखर परत वापरात येतात. कचरा टाकणं आणि भंगार विकून पैसे हातात येणं यात जो फरक आहे, तोच इथे. पेशी फक्त साफ होत नाही, तिला कच्चा माल मिळतो.

लायसोसोम शोधणारे क्रिस्तियाँ द दूव यांनी १९६३ साली या प्रक्रियेला नाव दिलं. ती चालवणारी जनुकं योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये शोधली आणि २०१६ चं नोबेल त्यांना मिळालं. पावाच्या यीस्टमध्ये सापडलेली यंत्रणा आपल्या धमनीतही चालते, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

४. सरळ सांगा. सफाई कोणाच्या पेशी जास्त करतात, बायकांच्या की पुरुषांच्या?

सर्वात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि सरळ उत्तर दिलं तर ते चुकीचं ठरेल.

नवजात बाळांच्या नाळेतल्या शिरेच्या पेशी मुलग्यांच्या आणि मुलींच्या वेगवेगळ्या वाढवून पाहिल्या, तेव्हा स्वस्थ स्थितीत ऑटोफॅजीच्या खुणा मुलग्यांच्या पेशींत जास्त दिसल्या. मुलींच्या पेशींत जास्त दिसलं ते नायट्रिक ऑक्साइड तयार करणारं विकर, म्हणजे एन्झाइम (प्रश्न ७). एवढं वाचून ‘पुरुषांच्या रक्तवाहिन्या जास्त स्वच्छ’ असा मथळा करायचा मोह होतो. थांबा.

भंगारवाल्याकडे जास्त फेऱ्या झाल्या याचे दोन अर्थ निघतात. घर नीट राखलं जातंय, किंवा घरात मोडतोड जास्त होतेय. नुसत्या फेऱ्या मोजून ते कळत नाही. २००९ मध्ये मेंदूच्या पेशींवर एक प्रयोग झाला. पेशींना बशीत उपाशी ठेवलं. नरांच्या पेशींत ऑटोफॅजी जोरात सुरू झाली आणि त्या लवकर मेल्या. माद्यांच्या पेशींनी चरबीचे थेंब साठवले आणि जास्त काळ तग धरला. म्हणजे तिथे जास्त ऑटोफॅजी हे ताकदीचं लक्षण नव्हतं.

उलट बाजूही आहे. उंदरांच्या अस्तरातली ऑटोफॅजी मुद्दाम बंद पाडली, तर रक्ताचा जोरदार, सरळ प्रवाह असलेल्या आणि एरवी सुरक्षित असलेल्या जागीही धमनीत चरबीचे थर बसले. म्हणजे सफाई हवीच. ‘किती’ याचं उत्तर अवयव, ताण आणि वय पाहिल्याशिवाय देता येत नाही. मेंदूच्या पेशीचं उत्तर धमनीला लावू नका आणि शिरेचं हृदयाला लावू नका.

५. नाळेतल्या पेशी आईच्या की बाळाच्या?

बाळाच्या. हा गोंधळ डॉक्टरांचाही होतो. नाळ आणि नाळेतल्या रक्तवाहिन्या बाळाच्या गुणसूत्रांच्या, फक्त वारेत आईकडच्या काही पेशी मिसळलेल्या असतात. म्हणून मुलगा झाला तर पेशी एक्सवाय, मुलगी झाली तर एक्सएक्स.

नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. शीर रुंद असते, तिच्यात नळी घालून विकर सोडलं की अस्तर अलगद सुटतं. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये एरिक जाफ आणि सहकाऱ्यांनी ही रीत बसवली, तेव्हापासून जगभर तीच चालते. गंमत म्हणजे ही शीर उलटं काम करते. तिच्यातून वारेकडून बाळाकडे प्राणवायू भरलेलं रक्त जातं. म्हणजे ज्या पेशींवर आपण ‘माणसाच्या रक्तवाहिन्या’ म्हणून निष्कर्ष काढतो, त्या शिरेच्या आहेत, गर्भाच्या आहेत, आणि शुद्ध रक्ताच्या आहेत. साठीतल्या माणसाच्या हृदयधमनीशी त्यांचं नातं दूरचं आहे.

आपल्याकडे नाळ पुरायची पद्धत आहे. एका आजींनी नाळ द्यायला साफ नकार दिला होता. जिथे नाळ पुरली तिथे माणूस परत येतो, म्हणाल्या. मी आग्रह केला नाही.

६. हे सगळं शेवटी हार्मोनमुळेच ना?

संप्रेरकांचा वाटा मोठा आहे, पण सगळा नाही. हे वेगळं कसं करायचं? एक मार्ग म्हणजे भाऊ-बहीण जुळी. एकच आई, एकच गर्भारपण, पण दोन नाळा. अशा जुळ्यांच्या नाळेतल्या पेशी तपासल्या तेव्हा जन्मतःच दोघांच्या जनुकांच्या चालण्यात फरक दिसला. वयात येणं अजून दशकभर लांब आहे, तरी फरक आहे. अर्थात गर्भातल्या मुलग्याला स्वतःच्या वृषणांचं टेस्टोस्टेरॉन मिळून गेलेलं असतं, त्यामुळे हा पुरावा शंभर टक्के निर्मळ नाही.

दुसरा मार्ग उंदरांचा. वायवरचं नर घडवणारं जनुक काढून दुसऱ्या गुणसूत्रावर बसवतात. मग एक्सएक्स असून वृषण असलेले आणि एक्सवाय असून अंडाशय असलेले उंदीरही मिळतात. गुणसूत्रं एकीकडे, ग्रंथी दुसरीकडे. २०१९ साली या पद्धतीने जे दिसलं ते अनेकांना पचलं नाही: धमनीतले थर एक्सएक्स उंदरांत जास्त होते, ग्रंथी कुठलीही असो. म्हणजे ‘दोन एक्स म्हणजे कवच’ हे समीकरण तिथे उलटं पडलं. तरुण बायकांना जे संरक्षण मिळतं त्यात इस्ट्रोजेनचा हात किती मोठा असेल, हे यावरून लक्षात येतं.

७. नायट्रिक ऑक्साइडचा आणि या सगळ्याचा काय संबंध? तो तर प्रदूषणातला वायू.

तोच वायू, फार थोड्या प्रमाणात. अस्तर तो बनवतं, शेजारच्या स्नायूला देतं आणि वाहिनी सैल पडते. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी हेच काम बाहेरून करते. १९९८ चं नोबेल या शोधाला मिळालं. आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरीनवर पैसा कमावला आणि म्हातारपणी डॉक्टरांनी हृदयासाठी तेच लिहून दिलं, ही जुनी गोष्ट तुम्ही ऐकली असेल.

पाळी चालू असलेल्या बायकांच्या शरीरात नायट्रिक ऑक्साइड पुरुषांपेक्षा जास्त तयार होतं. इस्ट्रोजेन ते बनवणारं विकर काही मिनिटांत जागं करतं, आणि दीर्घकाळात त्याचं प्रमाणही वाढवतं. ऑटोफॅजी बंद पाडलेल्या अस्तराला मात्र रक्ताच्या प्रवाहाला प्रतिसाद म्हणून पुरेसं नायट्रिक ऑक्साइड बनवता येत नाही. म्हणजे दोन्ही कामं एकमेकांत गुंतलेली आहेत.

८. पाळी गेल्यावर हृदयाचा धोका वाढतो म्हणतात. मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्याव्यात का?

पुरुषांच्या तुलनेत बायकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ९ वर्षं उशिरा येतो, हे ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात २००४ साली दिसलं. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना तो इतरांपेक्षा लवकर येताना दिसला. आपल्याकडे पाळीही लवकर जाते, सरासरी ४६-४७ च्या आसपास. ही दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा.

गोळ्यांबद्दल: अमेरिकेत १६ हजारांहून जास्त बायकांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन देऊन चाललेला मोठा प्रयोग २००२ मध्ये मध्येच थांबवावा लागला. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गाठी वाढल्या आणि हृदयाला फायदा दिसला नाही. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पुढे २०१६ च्या प्रयोगात, पाळी जाऊन सहा वर्षं व्हायच्या आत इस्ट्रोजेन सुरू केलं तर मानेतल्या धमनीचं जाड होणं मंदावलं. दहा वर्षांनंतर सुरू केलं तर काहीच फरक नाही. अस्तर ताजं असताना इस्ट्रोजेन त्याच्याशी बोलू शकतं, थर बसल्यावर नाही, असा त्याचा अर्थ लावतात.

हृदय वाचवायला म्हणून या गोळ्या घेऊ नयेत, असंच आजचं मत आहे. अंगातून वाफा निघणं, झोप उडणं यासाठी घ्यायच्या असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोला.

९. रिसायकलिंगची जनुकं एक्सवर असतात का?

काही महत्त्वाची आहेत. लायसोसोमच्या भिंतीतलं लॅम्प२, पिशवी विणायला लागणाऱ्या एटीजी४ए चं जनुक, पिशवी घडायला मदत करणारं डब्ल्यूडीआर४५, आणि फॅब्री आजाराशी जोडलेलं जीएलए. इथे सिद्धांत सोडून माणसं दिसायला लागतात.

फॅब्रीमध्ये लायसोसोममधलं एक विकर कमी पडतं आणि एक प्रकारची चरबी साठत जाते, सर्वात ठळकपणे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. मुलग्यांना लहानपणापासून तळहात-तळपाय जळतात, घाम येत नाही, पुढे मूत्रपिंड, हृदय, मेंदू. मुलींना मात्र वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की तुम्ही फक्त वाहक आहात. ते खरं नव्हतं. प्रश्न २ मधली गोधडी आठवा: ज्या तुकड्यांत बिघडलेला एक्स चालू आहे तिथे चरबी साठतेच. तुकडे कसे पडले यावर एक बहीण ठणठणीत, दुसरी डायलिसिसवर, असं होऊ शकतं. बायकांत रक्तातल्या विकराची साधी तपासणी नॉर्मलही येते. म्हणून त्यांच्यासाठी जनुकाची तपासणीच हवी. घरात मामाला किंवा आजोबांना तरुणपणी मूत्रपिंडाचा किंवा जाड हृदयाचा आजार झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

लॅम्प२ बिघडला तर डॅनॉन आजार होतो. त्यात पिशव्या टाकीला जोडल्याच जात नाहीत. मुलग्यांना किशोरवयात, बायकांना काही वर्षं उशिरा, पण हृदय दोघांचंही जातं.

१०. आईच्या छातीत दुखतं, अँजिओग्राफी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे. खरंच काही नाही का?

असू शकतं. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्यांचं जाळं त्यात दिसत नाही, आणि हृदयाला रक्त पोहोचवण्यात मोठा वाटा त्यांचाच. त्यांचं अस्तर नीट सैल पडत नसेल तर मोठ्या धमन्या मोकळ्या असूनही दुखतं. हा प्रकार बायकांत जास्त आढळतो. ‘सूक्ष्मवाहिन्यांचा अँजायना आहे का’ असं स्पष्ट शब्दांत विचारा, त्याच्या वेगळ्या तपासण्या आहेत. टेन्शन असेलही, पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा.

११. एकादशीच्या उपासाने ऑटोफॅजी होते ना? आणि बायकांना जास्त फायदा होतो का?

उपासाने इन्सुलिन उतरतं, आणि ऑटोफॅजीला दाबून ठेवणारा एमटॉर नावाचा स्विच सैल पडतो. एवढं खरं. पण तुमच्या उपासात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस असेल, तर इन्सुलिन कशाला उतरेल? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण शास्त्राला धरून आहे.

बायकांना जास्त फायदा, पुरुषांना कमी, असं माणसांच्या रक्तवाहिन्यांवर कोणी दाखवलेलं नाही. उपास श्रद्धेने करा, धमनीच्या नावाने नको. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

१२. मला ल्यूपस आहे, एचसीक्यू घेते. ती ऑटोफॅजी बंद करते असं वाचलं. थांबवू का?

नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (एचसीक्यू) लायसोसोममधलं आम्ल कमी करतं, हे खरं. पण ल्यूपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, तीच गोळी रक्ताच्या गाठींचा धोका कमी करते आणि आजार आटोक्यात ठेवते. बशीतला परिणाम आणि शरीरातला परिणाम एकच नसतो. डोळ्यांची तपासणी तेवढी वेळच्या वेळी करत जा.

१३. मॅडम, माझ्या ब्लॉटमध्ये मुलींच्या पेशींत एलसी३-II जास्त आला. म्हणजे ऑटोफॅजी जास्त, असं लिहू का?

इतक्यात नको. (इतरांसाठी: ब्लॉट म्हणजे प्रथिनं मोजायची चाचणी, आणि एलसी३-II हे प्रश्न ३ मधल्या पिशवीच्या पडद्यावर बसणारं प्रथिन.) कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग वाढलाय. वस्तीत कचरा जास्त होतोय की घंटागाडी आली नाही? एलसी३-II हा असा ढीग आहे. पिशव्या जास्त बनल्या तरी तो वाढतो, आणि टाकीत रिकाम्या झाल्या नाहीत तरी वाढतो.

म्हणून टाकी बंद पाडणारं बॅफिलोमायसिन देऊन आणि न देता, दोन्ही ओळी शेजारी चालवा. टाकी बंद केल्यावर ढीग किती वाढला, तो फरक म्हणजे खरा ओघ. सोबत पी६२ हे पिशवीतल्या मालाबरोबर मोडलं जाणारं प्रथिन पाहा, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. ताणाखाली त्याचं उत्पादनच वाढतं. आणि हे मुलग्या-मुलींच्या पेशींत एकाच दिवशी, बशीत पेशींची गर्दी सारखी असताना, एकाच पॅसेजला (नव्या बशीत तितक्याच वेळा हलवल्यावर) करा.

१४. आमच्या लॅबमधल्या पेशींचं लिंग आम्हाला माहीतच नाही. बिघडतं का?

विकत आणलेली कुपी ‘पूल्ड’ असेल तर अनेक बाळांच्या पेशी एकत्र केलेल्या असतात. लिंगाचा प्रश्न तिथेच संपला. एकेका दात्याच्या कुप्या मागवा. अमेलोजेनिन जनुकाचा साधा पीसीआर एका दुपारी उत्तर देतो, कारण एक्स आणि वायवरच्या प्रतींची लांबी वेगळी असते.

तयार पेशीवाणांचंही (सेल लाइन) बघा. एचएमईसी-१ हे त्वचेच्या बारीक वाहिन्यांचं वाण मुलग्याच्या खतनेत निघालेल्या कातडीपासून बनलंय, म्हणजे नर. ईए.एचवाय९२६ हे नाळेची पेशी आणि एका पुरुषाच्या फुप्फुसाच्या कर्करोगाची पेशी यांचा संकर आहे. त्याच्यावर ‘स्त्रीच्या रक्तवाहिन्या’ लिहिलेला प्रबंध मी तपासलाय.

पेशी वाढवायच्या द्रवातला, म्हणजे माध्यमातला लाल रंग, फिनॉल रेड, हा स्वतः किंचित इस्ट्रोजेनसारखा वागतो. हे १९८६ पासून माहीत आहे. त्यात घालतात त्या सीरममध्येही संप्रेरकं असतात. लिंगफरक मोजायचा तर रंगाविना माध्यम आणि कोळशाने गाळलेलं सीरम घ्या.

१५. नाळेच्या पेशींचं लिंग तपासणं पीसीपीएनडीटी कायद्यात अडकत नाही का?

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच येतो आणि रास्त आहे. महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिल्यांदा असा कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. पण तो जन्माआधीच्या लिंगनिदानाबद्दल आहे. नाळ हाती येते तेव्हा बाळ जन्मलेलं असतं. आईची लेखी संमती आणि नैतिकता समितीची परवानगी मात्र लागतेच.

१६. रॅपामायसिनने माद्या जास्त जगल्या असं वाचलं. मग बायकांना ते औषध जास्त लागू पडेल?

रॅपामायसिन म्हणजे प्रश्न ११ मधला एमटॉर स्विच सैल पाडणारं औषध. २००९ च्या उंदरांवरच्या प्रयोगात दीर्घायुषी उंदरांचं वय माद्यांत १४ टक्के, नरांत ९ टक्के वाढलं. पुढे लक्षात आलं की अन्नात सारखंच औषध असूनही माद्यांच्या रक्तात ते जास्त चढत होतं. फरकाचा काही भाग डोसचाच होता. म्हणून लिंगफरकाचा कुठलाही आकडा वाचताना आधी विचारायचं: दोघांना खरंच सारखं मिळालं का? वजन, यकृत, चरबी, सगळं मध्ये येतं.

१७. ट्रान्स व्यक्ती, टर्नर, क्लाइनफेल्टर: यांच्या पेशींचं काय?

ट्रान्स व्यक्तीने संप्रेरकं घेतली तरी गुणसूत्रं तीच राहतात, आणि अस्तराला रोज मिळणारं रसायन बदलतं. प्रश्न ६ मधले दोन धागे इथे एकाच शरीरात वेगळे होतात. इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत रक्ताच्या गाठींवर लक्ष ठेवावं लागतं.

टर्नर असलेल्या बायकांत एकच एक्स असतो, आणि महाधमनी फाटण्याचा धोका बऱ्यापैकी जास्त असतो. उंची आणि पाळी यांवरच सगळी चर्चा होते. महाधमनीची मोजणी नियमित व्हायला हवी. क्लाइनफेल्टरमध्ये दोन एक्स आणि एक वाय. त्यांच्याही पेशी एक एक्स मिटतात, पुरुष असून.

१८. माझ्या पेशींचं लिंग बघून मला औषध मिळेल का?

आज नाही. आज मिळू शकतं ते एवढंच: २०१६ पासून अमेरिकेची एनआयएच ही संस्था संशोधकांना विचारते की तुमचे उंदीर कुठल्या लिंगाचे होते, आणि एकाच लिंगाचे असतील तर का. आमच्याकडे अर्ज भरताना असा रकाना अजून दिसला नाही. मी तो स्वतःच आखते.